अर्धी नोकरी

त्या साहेबाने मला बसायला सांगितलं नाही, याचा राग नव्हता. उन्हातून आलेल्या माणसाला त्या ऑफिसात कोणीच बसा म्हणत नसे. राग याचा होता की माझ्याविषयीचं सगळं बोलणं तो माझ्या नवऱ्याशी करत होता, आणि मी तिथेच, टेबलाला पदर लागेल इतक्या जवळ उभी होते. "बाई किती वाजता जातात? कधी येतात? पगार तुमच्याच हाती देतात ना?" मी तोंड उघडलं की तो ट्रॅफिक पोलिसासारखा पंजा वर करायचा. खिडकीत कूलर घरघरत होता, वाळ्याचा ओला वास येत होता, आणि त्या गारव्यात माझं डोकं तापत चाललं होतं.

आम्ही तिथे का गेलो होतो ते आधी सांगते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत, बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांचं आमचं घर होतं. घरात तीन माणसं. मी, माझे यजमान आणि सासूबाई. यजमान एका ट्रान्सपोर्ट कंपनीत बुकिंग क्लार्क होते. मालकाने एके दिवशी कुलूप लावलं आणि ट्रकांसकट रायपूरला निघून गेला. शेवटचा पगारही दिला नाही. मी लग्नाआधीच बी.ए. झालेली. माहेरच्या गल्लीतली पहिली ग्रॅज्युएट मुलगी म्हणून तिथल्या विहारात माझा सत्कारही झाला होता, त्यानंतर मात्र कुठे काही झालं नाही. आम्हा दोघांचीही नावं एम्प्लॉयमेंट एक्सचेंजमध्ये होती. दर ठराविक काळाने जायचं, कार्डावर शिक्का मारून घ्यायचा, घरी यायचं. यजमान म्हणायचे, "आपलं लग्न रजिस्टर नाही, पण बेकारी रजिस्टर आहे." सुरुवातीला मी हसायचे.

मग सरकारने शिकलेल्या बेकारांना भत्ता जाहीर केला. चौकातल्या पानठेल्यावर पेपर वाचून यजमान धावतच घरी आले. दोघांचे दोन अर्ज करायचं ठरलं. त्याच सुमारास मला काम लागलं. काम म्हणजे काय, एका खाजगी शाळेत सकाळच्या पाळीत पाचवीला मराठी आणि भूगोल शिकवायचं. अर्धवेळ. सुट्ट्यांचा पगार नाही, पुढच्या वर्षाची हमी नाही. पण फळ्यावर पहिल्यांदा तारीख लिहिली तेव्हा ती मी दोनदा पुसून पुन्हा लिहिली. पोरांना वाटलं बाई घाबरल्या. मी घाबरले नव्हते.

यजमानांचा अर्ज मीच भरत होते. त्यात नवरा किंवा बायको काय करते अशी एक ओळ होती. यजमान म्हणाले, "ती कोरी सोड."

"काहून? मी काय चोरी करून राहिली?"

"अगं, अर्धी नोकरी ती. तिला नोकरी कोण म्हणतं?"

"अर्धी तर अर्धी. जे आहे ते लिहू."

मी लिहिलं. 'अर्धवेळ शिक्षिका.' अर्धवेळ या शब्दाखाली रेघसुद्धा मारली. आज कोणी विचारलं तर आजही तेच लिहीन.

पावसाळा संपता संपता घरी चौकशीला माणूस आला. मी शाळेत होते, यजमान कामाच्या शोधात कुठेतरी सायकल हाणत होते. सासूबाई एकट्या घरी होत्या. सरकारी माणूस आपल्या दारात आला म्हणून त्यांनी त्याला खाटेवर बसवलं, शेजारून साखर आणून चहा केला. तो चहा पिता पिता घर बघत होता. रेडिओ कोणाचा, शिलाई मशीन कोणाची, ट्रंकेत काय. मशीन सासूबाईंची होती, बिड्या वळून वळून घेतलेली. ट्रंकेत माझ्या साड्या. त्याने झाकण उघडून पाहिलं. मग विचारलं, "सून काय करते?"

आणि सासूबाई छाती पुढे काढून म्हणाल्या, "माही सून मास्तरीण हाय. शाळेत शिकवते."

संध्याकाळी हे सगळं त्यांनीच मला मोठ्या कौतुकाने सांगितलं. "मी त्याले सांगतलं वं, आमच्या घरात शिक्षणाची कदर हाय म्हणून." तो अभिमान त्या बाईने जन्मभर बिड्यांच्या सुपावर वाकून कमावलेला होता. त्या माणसाने तो उचलला आणि रिपोर्टात लिहिलं, 'पत्नी शिक्षिका आहे.' अर्धवेळ हा शब्द कुठे गळाला कोण जाणे.

त्यानंतर आम्हा दोघांना भत्त्याच्या ऑफिसात बोलावलं. तेच ते कूलरचं ऑफिस.

साहेबाने दोन्ही अर्ज समोर घेतले. पहिला माझा. तो बाजूला सारत यजमानांना म्हणाला, "मिसेस नोकरीत आहेत. त्यांचा प्रश्नच येत नाही." मग दुसरा. "आणि तुमची मिसेस कमावते, तेव्हा तुम्हालाही बेकार धरता येत नाही. नवरा-बायको एकच कुटुंब."

"सर, ती अर्धवेळ आहे," यजमान म्हणाले. "सुट्टीत तर काहीच मिळत नाही."

साहेबाने चष्मा काढला, टेबलावर ठेवला आणि खालच्या आवाजात, जणू काही घरचा वडीलमाणूस असावा तसा म्हणाला, "बायको कमावते आणि तुम्ही सरकारकडे हात पसरता. पुरुषासारखे पुरुष तुम्ही. लाज नाही वाटत?"

माझे यजमान सहा फुटी माणूस. कॉलेजात कबड्डी खेळायचे. त्या दिवशी मी त्यांना लहान होताना पाहिलं. ते खाली बघत राहिले, कान लाल झाले. मी बोलायला गेले तर पुन्हा तो पंजा. "तुम्ही थांबा हो बाई. मी यांच्याशी बोलतोय."

बाहेर व्हरांड्यात एक बाबू बसायचा. त्याने आमचे चेहरे पाहिले आणि यजमानांना इशाऱ्याने बोलावलं. वाईट माणूस नव्हता. त्याने आपल्या परीने मदतच केली. म्हणाला, "देखो भाऊ, दोन रस्ते आहेत. बाईंना म्हणावं नोकरी सोडा. मग दोघेही बेकार, दोघांचेही अर्ज मंजूर. नाहीतर मग अलग दाखवा. आम्ही एकत्र राहत नाही असं प्रतिज्ञापत्र करायचं. कोर्टाजवळ अर्ज लिहिणारे बसतात, ते करून देतात. बहुत लोग करते हैं."

मी विचारलं, "म्हणजे काम केलं तर भत्ता नाही, आणि सोडलं तर दोन भत्ते?"

"हाव ना," तो म्हणाला. त्याला त्यात काही विचित्र वाटलं नाही.

परत येताना मी सायकलच्या कॅरिअरवर बसले होते. यजमान नेहमीपेक्षा जोरात पेडल मारत होते. त्यांची पाठ माझ्यासमोर होती आणि शर्टावर घामाचा नकाशा पसरत होता. मला वाटलं, माणसाला विचार करू द्यावा. ते काय विचार करताहेत ते मला कळलं असतं तर मी कडबी चौकातच उडी मारून उतरले असते.

काही दिवसांनी, दुपारची जेवणं आटोपल्यावर, त्यांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला. टाइप केलेला, खाली सहीसाठी जागा. माझ्यासमोर ठेवला आणि पाणी प्यायला उठले. वास्तविक तांब्या हाताशीच होता.

मी वाचलं. 'माझी पत्नी बऱ्याच काळापासून माझ्यापासून विभक्त राहत असून तिचा व माझा कोणताही संबंध उरलेला नाही. ती माझ्या उदरनिर्वाहास कोणतीही मदत करीत नाही.'

सकाळी माझ्याच पगाराचे तांदूळ शिजले होते. त्या भाताचं ताट अजून उचललंही नव्हतं.

"हे काय आहे?"

"नुसता कागद आहे. कागदावर लिहिल्याने काय होते?"

"काही होत नाही?"

"काही नाही. आपण आहोत तसेच राहू."

"मग असं लिहा ना, की मी मेली. कागदावरच. काय होते?"

"तू उगाच शब्द वाढवून राहिली."

"शब्द मी वाढवून राहिली? 'कोणताही संबंध नाही', हा शब्द कोणाचा आहे? उद्या तो चौकशीवाला गल्लीत येईल, शेजारच्या बायांना विचारेल, हिला नवऱ्याने कधी टाकली? त्या काय सांगतील? आणि मी कुठे लपू? पलंगाखाली?"

"मग नोकरी सोड!" ते ओरडले. इतक्या जोरात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. "अर्धी नोकरी, अर्धा पगार, अन् माझी इज्जत पूर्ण गेली. त्या साहेबाने मला काय म्हटलं ऐकलं ना तू?"

"ऐकलं. मी तिथेच होते. मी होते हे फक्त तुम्ही दोघे विसरलात."

माझ्या हातातली वाटी मी जमिनीवर आपटली. स्टीलची होती, फुटली नाही, नुसती गरगरत दारापर्यंत गेली. तिथे सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी वाटी पायाने थांबवली, उचलली आणि आत आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. "काय लिवलं हाय त्याच्यात?" त्यांनी मला नाही, मुलाला विचारलं.

यजमानांनी कागदाची पुन्हा घडी घातली.

"सांग ना गा. माह्या सुनेचं नाव हाय ना त्याच्यात?"

त्यांनी सांगितलं. बारीक आवाजात, अर्धंमुर्धं. पण सासूबाईंना पुरेसं कळलं. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. सासऱ्यांविषयी आमच्या घरात कधी बोलणं होत नसे. मला एवढंच माहीत होतं की ते नाहीत. 'नाहीत' म्हणजे वारले असंच मी समजत होते.

"तुह्या बापानं मले टाकलं," सासूबाई म्हणाल्या, "तवा तू माह्या कडेवर होता. त्याले कोणी कागद नाही मागतला. एक दिवस गेला तो दुसरीकडं घर करून राहिला. बाया मले विचारत, काहून टाकलं वं तुले? काय केलं होतं तू? मी बिड्या वळू वळू तुले शिकवलं, कॉलेजात धाडलं. अन् तू शिकून सवरून बायकोले टाकाचा कागद करून आणला? तोही टाइप करून?"

त्या रडल्या नाहीत. रागाने बोलत होत्या, आणि तो राग किती जुना होता ते त्यांच्या मानेवरच्या शिरांवरून कळत होतं. यजमान उंबऱ्यावर बसून राहिले. मग उठून त्यांनी कागदाचे तुकडे केले. माझी माफी मागितली नाही, आणि मीही त्यांना जवळ केलं नाही. तुकडे मीच झाडून काढले, तेही रागाने.

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा ऑफिसात गेलो. या वेळी मी रात्रीच ठरवलं होतं की पंजा वर झाला तरी थांबायचं नाही. यजमान आत शिरताच म्हणाले, "साहेब, आम्ही एकत्र राहतो. एकत्रच राहणार. हिचं काय म्हणणं आहे ते ऐका." आणि ते एक पाऊल मागे सरकले. त्या एका पावलासाठी मी त्यांना पुष्कळसं माफ केलं, सगळं नाही.

"अर्जदार कोण आहे?" साहेब म्हणाला.

"एक अर्ज माझाही आहे," मी म्हणाले. "म्हणून मी बोलणार. मी अर्धवेळ काम करते. त्या अर्ध्या कामामुळे मी पूर्ण नोकरीवाली झाले, आणि हेही नोकरीवाले झाले. एका अर्ध्या नोकरीत दोन माणसं कशी कामाला लागली, तेवढं मला समजावून सांगा."

"बाई, नियम मी केलेले नाहीत."

"लाज वाटत नाही का, हे विचारायचा नियम कुठे आहे? तो तरी तुम्हीच केला ना?"

दारातल्या रांगेतून कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "बरोबर बोलून राहिली बाई!" साहेबाचा चेहरा घट्ट झाला. त्याने घंटी वाजवली. शिपाई आला, पण मला हात लावायची त्याची हिंमत नव्हती, तो नुसता पडदा धरून उभा राहिला. साहेब पहिल्यांदा माझ्याकडे पाहून बोलला. "तुम्ही नोकरी सोडा, उद्या या. दोन्ही अर्जांवर मी स्वतः सही करतो. नाही तर माझा वेळ घेऊ नका."

"नाही सोडणार," मी म्हणाले.

दोन्ही अर्ज नामंजूर झाले. पत्र आलं ते यजमानांच्या नावाने. माझ्या अर्जाचं वेगळं पत्रसुद्धा त्यांनी काढलं नाही.

हिवाळ्यात यजमानांना इतवारीत एका धान्याच्या अडत्याकडे काम मिळालं. माल उतरवून घ्यायचा, तोलाई बघायची, हिशेब लिहायचे. बी.ए. झालेला माणूस संध्याकाळी घरी यायचा तेव्हा भुवयांवर तुरीचा भुसा असायचा. शिंका थांबत नसत. पण ताठ चालायचे. घरात पुन्हा हसणं ऐकू यायला लागलं. आमच्या दोघांत ते भांडण काही दिवस दगडासारखं पडून होतं, मग हळूहळू त्याला वळसा घालून आम्ही चालायला शिकलो.

आणि मग शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावलं. गोड बाई होत्या. डब्यातली चकली पुढे केली. "मिस्टरांना काम लागलं म्हणे? छान झालं हो. आता असं बघा, कमिटीचं म्हणणं आहे की अर्धवेळची जागा गरजूला द्यावी. तुमच्याकडे आता कमावतं माणूस आहे."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी चकली परत डब्यात ठेवली.

"बाई, मी काम करते म्हणून माझा नवरा बेकार नाही असं सरकार म्हणालं. आता नवरा काम करतो म्हणून मी काम करायचं नाही असं तुम्ही म्हणता. मग मी नेमकी कोण आहे?"

"असं मनाला लावून घेऊ नका हो."

"मी वाईट शिकवते का?"

"छे! मुलं तर तुमच्यावर जीव टाकतात."

"मग हे कारण मला लिहून द्या. नवऱ्याला काम लागलं म्हणून काढलं, असं."

त्या लिहून द्यायला तयार झाल्या नाहीत. परीक्षा होईपर्यंत मला ठेवलं. जूनमध्ये वेळापत्रक लागलं, त्यात माझं नाव नव्हतं. मी शाळा कमिटीच्या सेक्रेटरींच्या घरी गेले आणि त्यांच्या व्हरांड्यात उभी राहून तोंडाला येईल ते बोलले. आतून त्यांची बायको पडदा बाजूला करून ऐकत होती. तिने मला हाकलायला कोणाला सांगितलं नाही. यजमान माझ्यासोबत येतो म्हणाले होते. मीच नको म्हणाले. हे भांडण माझं होतं.

त्यानंतर मी घरी शिकवण्या घ्यायला लागले. पुढे दोन वर्षांनी मला महानगरपालिकेच्या शाळेत पूर्णवेळ काम मिळालं आणि त्यातच मी रिटायर झाले. त्यामुळे आमचं काही वाईट झालं असं नाही. लोक म्हणतात, मग आता कशाला चिडता? मी त्यांना, शाळेने काढलं त्याच वर्षीच्या जुलैतली एक दुपार सांगते.

मी ओसरीत पोरांची शुद्धलेखनं तपासत बसले होते. फाटकाशी एक बाई आली. माझ्याहून लहान, पोटुशी, हातात छत्री. माझ्या जागी आलेली तीच होती. मी ऐकून होते की कमिटीतल्या कोणाची तरी नातेवाईक घेतली आहे, आणि मनातल्या मनात तिला रोज शिव्या देत होते. ती म्हणाली, "ताई, राग नका मानू. वर्ग मले ऐकतच नाही. पोट्टे तुमचंच नाव घेतात. काय करू?"

मी तिला बसवलं. नातेवाईक वगैरे ती कोणाचीच नव्हती. तिचा नवरा मिलमध्ये रोजंदारीवर होता, मिल महिन्याचे निम्मे दिवस बंद राहायची. नागपूरजवळच्या कुही गावाकडे सासर, तिथली धानाची जमीन दिरांमध्ये वाटून संपलेली. ही खरोखरच गरजू होती. मला वाटलं होतं तिच्यावर तरी मनसोक्त रागावता येईल. तेही राहिलं नाही. मग मी तिला सांगितलं, मागच्या बाकावरच्या दोघांना वेगळं बसवा, नकाशा आधी फळ्यावर काढा आणि मग बोला, पहिल्या आठवड्यात कोणालाही मारू नका. तिने सगळं लक्ष देऊन ऐकलं. सासूबाईंनी तिच्यासाठी चहा आणला.

उठता उठता ती म्हणाली, "आमचे हे मॅट्रिक पास हायेत. एक्सचेंजमध्ये नाव हाय त्यांचं. ते म्हणून राहिले होते, भत्त्याचा अर्ज टाकू. तुम्हाले त्यातलं माहीत हाय म्हणे?"

मी तिला सगळं सांगितलं. कूलर, पंजा, लाज, दोन रस्ते, सगळं. प्रतिज्ञापत्राचंही सांगितलं, सासूबाई समोर असताना. ती ऐकत राहिली. तिचा चेहरा हळूहळू विझत गेला. शेवटी तिने छत्री उचलली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "म्हणजे मी हे काम सोडून देऊ काय, ताई?"

"नाही!" मी ओरडले. इतक्या जोराने की शिकवणीची पोरं दचकून वर बघायला लागली, आणि ती बिचारी दोन पावलं मागे सरकली. मी तिला ओरडले नव्हते. ओरडले ते त्या साहेबावर, त्या कमिटीवर; ऐकावं मात्र तिला लागलं. मी तिचा हात धरला, तिला फाटकापर्यंत सोडलं, आणि ती गल्लीच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभी राहिले.